बापाची गाठ आणि बदकाचं रक्त

"निघाली! निघाली! बापाची गाठ निघाली!"

शेखाचा माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडला, की सरोवरात जाळी टाकणाऱ्या कोळ्यांनीही मान वळवून पाहिलं असेल. कोम बूरी गावच्या मासळीबाजारामागच्या अंगणात दीडएकशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. मधोमध एका स्टुलावर उघड्या पाठीचा हमाल मान खाली घालून बसला होता. शेख तुहामीनं त्याच्या मानेवरची काचेची तुंबडी अलगद सोडवली आणि पांढऱ्या बशीत उपडी केली. काळपट, थुलथुलीत गोळा बशीत पडला आणि थरथरत राहिला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, पण डोळे मात्र बशीवरून हलवले नाहीत.

"बघा, नीट बघून घ्या!" शेखानं बशी माणसांच्या नाकाखालून फिरवली. "बाप मरतो, पण ही मरत नाही. बापाकडून पोराकडं, पोराकडून नातवाकडं येते आणि मानेत दबा धरून बसते. चाळिशी उलटली की वर चढते. मग काय होतं?"

"लकवा!" गर्दी ओरडली.

"तोंड वाकडं, हात लुळा, जीभ मुकी! डॉक्टर काय देतो?"

"गोळी!"

"गोळी जाते कुठं?"

"पोटात!"

"आणि गाठ कुठं?"

"मानेत!"

"मग पोटातली गोळी काय मानेतल्या गाठीला सलाम ठोकायला जाणार आहे?"

अंगणात हशा पिकला. हमालानं उठून आपली गोळ्यांची पाकिटं तांब्याच्या मोठ्या परातीत फेकली. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ ठेवायच्या, अशा कितीतरी गोळ्या परातीत आधीच पडल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं तर डब्यासकट ओतल्या आणि वर हात झटकले.

गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या नवारानं तोंड फिरवलं. रक्तामुळं नव्हे. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं रोज तीस-चाळीस लोकांचं रक्त काढणारी बाई ती, तिला रक्ताची कसली किळस? तिला किळस आली ती त्या परातीची. त्यातली निम्मी पाकिटं तिच्याच दवाखान्यातून गेली होती. कुणाचं बीपी किती आहे, कुणी किती हेलपाटे घालून ती गोळी मिळवली, हे तिला नावानिशी ठाऊक होतं.

आणि आता स्टुलावर बसायची पाळी तिच्या सख्ख्या भावाची होती.

बय्यूमी सत्तेचाळीस वर्षांचा, पिंपासारखा गोल आणि तितकाच भरीव. कोम बूरीत फसीख म्हणजे बय्यूमीचीच. फसीख म्हणजे बोयी मासा आधी उन्हात फुगवायचा, मग मिठाच्या थरांत पिंपात दाबून दीड महिना मुरवायचा. वसंताच्या सणाला ती नसेल तर घरात सणच झाला नाही असं समजायचं. मासा नीट मुरला की नाही हे पाहायला बय्यूमी प्रत्येक पिंपातला एक तुकडा चिमटीनं तोडून जिभेवर ठेवी. त्याच्या बापानंही जन्मभर हेच केलं होतं. बाप बावन्नाव्या वर्षी पिंपाशेजारीच कोसळला. चुलता एकोणपन्नासाव्या वर्षी. आजोबांचं वय कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण त्यांचंही तोंड वाकडं झालं होतं हे सगळे सांगत.

"तिसरी बैठक!" शेख गरजला. "दोन गुरुवारी या भावाच्या मानेतून गाठ काढली. तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली!"

"आज बघू या, मूळ उरलंय का."

त्यानं पेटीतून दुसरी तुंबडी काढली. हिच्या गळ्याला हिरवा दोरा होता. तिच्यात बाटलीतून चार थेंब गुलाबपाणी टाकून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत त्यानं ती गोल फिरवली. मानेवर पात्यानं बारीक चरे दिले, तुंबडी चिकटवली. थोड्या वेळानं बशीत उपडी केली, तर लालभडक, पाण्यासारखं पातळ रक्त बशीभर पसरलं. गाठ नाही, गोळा नाही, साधी सायसुद्धा नाही.

"वारसा संपला!" शेखानं बशी डोक्यावर धरली. "आता हा माणूस बापाचा राहिला नाही, अल्लानं नव्यानं घडवला याला! खा, पी, फसीख खा, लोणचं खा, मीठ काय वाईट आहे? गाठच नाही तर मीठ कुणाला भिडणार?"

नवाराची भावजय इन्शिराह घळाघळा रडायला लागली. बय्यूमीनं गोळ्यांचं पाकीट परातीत टाकलं, तेव्हा तिनंच पहिल्यांदा टाळी वाजवली.

नवारा मात्र बशीकडे टक लावून उभी होती. पुढचा माणूस बसला, त्याच्यापुढचा बसला. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तरी बशीतलं रक्त पातळच. असं होत नाही. धडधाकट माणसाचं रक्त दहा-बारा मिनिटांत गोठतं, गोठायलाच हवं, नाहीतर भाजी चिरताना बोट कापलं तरी माणूस मरायचा. मुद्दाम काही मिसळलं तरच ते पातळ राहतं. आणि मग तिला आपल्या टेबलावरची निळ्या बुचाची नळी आठवली. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"शेखसाहेब," ती पुढं झाली, "त्या हिरव्या दोऱ्याच्या तुंबडीत काय असतं?"

शेखानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कोण ही?"

"माझी बहीण," बय्यूमी ओशाळून म्हणाला. "दवाखान्यात असते."

"हां!" शेख गर्दीकडं वळून हसला. "म्हणजे बाप एकच. लोकहो, ही नाही बोलत बरं का, हिच्या मानेतली गाठ बोलतेय! घाबरलीय बिचारी, आता आपली पाळी म्हणून!"

दीडशे माणसं खदखदा हसली. त्यांतल्या निम्म्यांच्या बायकांच्या बाळंतपणातल्या तपासण्या हिनं केल्या होत्या.

"ताई, घरी जा," बय्यूमी दात-ओठ खात पुटपुटला. "चारचौघांत माझी शोभा करू नकोस."

शुक्रवारी नमाज झाल्यावर ती बीपीचं मशीन घेऊन भावाकडं गेली. तो अंगणात पिंपांमध्येच बसला होता. सण सोमवारवर आलेला, गिऱ्हाईक उसंत देत नव्हतं. मुलगा झिदान मासे कागदात बांधत होता. वीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा.

मशीननं दोनशे दहा दाखवलं. खालचा आकडा एकशे वीस. तिनं दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही.

"बय्यूमी, उठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जायचं."

"शेखानं सांगितलंय, गाठ निघाल्यावर आकडा एकदा वर जातो. घर सोडताना भाडेकरू दार आपटून जातो ना, तसं."

"अरे, घर कुणाचं आणि दार कुणाचं! दार आपटलं तर घर तुझं पडणार आहे!"

"ताई, तुझं सगळं मशीनवर. मला डोकंबिकं काही दुखत नाही."

"बाबांचं दुखत होतं? सकाळी सहा मासे चाखले, दुपारी पडले. बीपी काही दारावर थाप मारून येत नाही."

इन्शिराह चहा घेऊन आली. "वन्सं, तुम्ही शिकलेल्या आहात, मान्य. पण गाठ आम्ही डोळ्यांनी पाहिली. डोळ्यांवर नाही विश्वास ठेवायचा तर कशावर ठेवायचा?"

"इन्शिराह, मीही त्याच बापाची ना? मला बत्तिसाव्या वर्षी बीपी निघालं. आज मी एक्कावन्न. रोज गोळी घेते. लोणचं सोडलं, मुरवलेलं चीज सोडलं, फसीख सणाला एक घास. उकडलेले बाकल्याचे दाणे खाते तर मिठाऐवजी लिंबू-जिरं घालून. तळ्यातला ताजा मासा भाजून खाते. बाबांनी दोघांना एकच दिलं. मी त्याच्यावर लक्ष ठेवलं, हा त्याला रोज मीठ चारतोय."

"म्हणजे मी धंदा बंद करू?" बय्यूमी भडकला. "चाखल्याशिवाय फसीख होत नाही!"

"चाख आणि थुंक! बोटानं दाबून बघ, वास घे. नाहीतर झिदानला चाखू दे."

"झिदानचं नाव काढू नकोस. त्याचा बंदोबस्त केलाय. रविवारी शेखसाहेब आपल्या घरी येणार आहेत. त्याच्या मानेतली आजोबांची गाठ आत्ताच काढून टाकायची, म्हणजे पुढं कटकट नाही. दुपारचं जेवण इथंच. इन्शिराह भरलेलं बदक करणार आहे."

"बदक? ऐन सणाच्या तोंडावर फसीखवाल्याच्या घरी येऊन माणूस बदक खाणार?"

"त्यांना खारट सोसत नाही," इन्शिराह भाबडेपणानं म्हणाली. "बीपी वाढतं म्हणे."

नवारानं डोक्याला हात लावला. "त्याला सोसत नाही, आणि माझ्या भावाला सोसतं! अगं, ऐकतेस का तू स्वतः काय बोलतेस ते?"

इन्शिराहनं ऐकलं, पण कानाआड केलं. बय्यूमीनं तर मशीन नवाराच्या हातात देऊन सरळ दाराकडं बोट केलं. शनिवारी ती डॉक्टरांना घेऊन आली, तर हा मागच्या दारानं तळ्यावर पसार. रागानं तिचा जीव तडफडत होता. माणूस आपला, बाप आपला, मरण डोळ्यांसमोर दिसतंय, आणि मध्ये उभा कोण, तर काचेचे चार पेले घेऊन फिरणारा भामटा!

रविवारी बय्यूमीच्या अंगणात अर्धं गाव लोटलं. शेख आतल्या खोलीत गादीवर रेलून चहा पीत होता. त्याचा माणूस बाहेर खुर्च्या मांडत होता. तुंबड्यांची पेटी ओट्यावर उघडीच होती. मागं मोरीपाशी शौकीची आई बदक कापायला बसली होती. सत्तरी ओलांडलेली, कोम बूरीतली निम्मी बदकं हिच्याच हातून गेलेली आणि हिच्या जिभेला मशिदीतला इमामही भीत असे.

नवारानं पेटीतून दोन तुंबड्या उचलल्या. एक साधी, एक हिरव्या दोऱ्याची. हिरव्या दोऱ्याच्या तळाला पांढुरक्या भुकटीचा पातळ थर सुकून बसला होता. बोटानं पुसावा इतका. चार थेंब गुलाबपाणी घालून फिरवलं की विरघळेल इतकाच. ती मोरीपाशी आली.

"आजी, रक्त मोरीत जाऊ देऊ नका. अर्धं यात, अर्धं यात."

"काय करणार गं त्याचं? अपवित्र असतं ते."

"पिणार नाही हो. शेखसाहेबांना दाखवणार आहे. पण कुणाचं आहे ते सांगायचं नाही."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं आणि तिच्या बोळक्यावर हसू पसरलं. तिनं बदकाची मान धरली, अल्लाचं नाव घेतलं, सुरी फिरवली. नवारानं आधी एक तुंबडी धरली, मग दुसरी. हिरव्या दोऱ्याच्या तुंबडीत चार थेंब पाणी घालून तिनं ती शेखासारखीच गोल गोल फिरवली आणि दोन्ही ताटलीत ठेवून वर फडकं टाकलं. मग पाव तास ती भिंतीला टेकून बसली.

शेख बाहेर आला, हात उंचावले, सलाम झाले. झिदान सदरा काढून स्टुलावर बसला. त्याच्या मानेवर मुरुमं होती, नुकतंच वयात आल्यासारखी. इन्शिराहनं लेकाच्या केसांवरून हात फिरवला.

"शेखसाहेब," नवारा ताटली घेऊन पुढं आली. आवाज तिनं पार नरम केला होता. "गुरुवारी माझी चूक झाली, माफी मागते. आज दवाखान्यात दोन जण आले होते. त्यांचं रक्त आणून तुमच्याच तुंबड्यांत ओतलंय. आम्हाला काही उमगेना. तुम्हीच बघून सांगा."

बय्यूमीचा चेहरा फुलला. बहीण ताळ्यावर आली!

शेखानं साधी तुंबडी बशीत उपडी केली. काळपट गोळा थलथलत पडला. गर्दीतून "आई गं" असा सूर निघाला.

"बाप रे बाप!" शेखानं डोळे मिटले. "किती पिढ्यांची ही! याचा बाप लकव्यानं गेला, आजोबा लकव्यानं गेला. वय पन्नाशीच्या आसपास. स्वभाव चिडका. बरोबर?"

"चिडका तर होताच मेला," मागून शौकीची आई म्हणाली. "कालच माझ्या पोटरीला चावला."

दोन-चार जण हसले, त्यांना कळलं नव्हतं तरी. शेखानं तिकडं दुर्लक्ष केलं आणि हिरव्या दोऱ्याची तुंबडी ओतली. पातळ लाल रक्त पसरलं. "आणि हा बघा! याच्या तीन बैठका माझ्याच हातून झाल्यात. स्वच्छ! वारसा संपला. हा माणूस शंभर वर्षं जगणार!"

"शंभर वर्षं?" नवारानं आवाज चढवला. "शेखसाहेब, हा तर कढईत पडायला निघालाय! दोन्ही रक्त एकाच मानेचं आहे. तुमच्या जेवणासाठी कापलेल्या बदकाच्या! आजींनी कापलं, मी धरलं, पंधरा मिनिटं झाली!"

मग शौकीची आई पंख धरून मुंडकं नसलेलं बदक उंच करत पुढं आली.

"याच्या आजोबाला लकवा झाला होता होय रे? मला कसं नाही सांगितलं कुणी! मी त्याचा आजोबा पण कापलाय!"

अंगण फुटलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. इन्शिराहच्या शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण बदक कापल्यावर मोरीच्या कडेला असाच गोळा पडतो, तो आपण झाडूनं लोटतो, हे त्यांतल्या प्रत्येकीनं जन्मभर पाहिलं होतं. मोरीतलं रक्त आणि बशीतलं रक्त एकच, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"जनावराचं रक्त माझ्या तुंबडीत!" शेख किंचाळला. "पाप! घोर पाप! या बाईनं—"

"पाप तुमचं शेखसाहेब, बदकाचं नाही!" नवारानं दोन्ही तुंबड्या उंच धरल्या. "ऐका सगळ्यांनी. अंगाबाहेर आलेलं रक्त गोठतंच. तुमचं, माझं, बदकाचं. ते गोठतं म्हणून जखम बंद होते. पहिल्या दोन बैठकांना हा साधी तुंबडी लावतो आणि तुमचंच गोठलेलं रक्त तुमच्या बापाच्या नावावर खपवतो. तिसऱ्या बैठकीला ही दोऱ्याची. हिच्यात भुकटी असते. तीच आमच्या निळ्या बुचाच्या नळीत विरघळवलेली असते, रक्त गोठू नये म्हणून. एवढीच करामत! तुंबडी आपल्याकडं आजोबांच्या काळापासून लावतात. कुणाला पाठ हलकी वाटते, वाटो. पण मानेत गाठ नसते, आणि असती तरी चामडीच्या चऱ्यातून निघाली नसती. यानं तुमच्या अंगातून काही काढलं असेल तर ती तुमची अक्कल आणि तुमच्या गोळ्या!"

शेखाच्या माणसानं पेटीवर झडप घातली. परवा आपल्या गोळ्या परातीत ओतणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याची गचांडी धरली. शेख फाटकाकडं सरकला, चार जण आडवे झाले. आरडाओरडा, चपला, शिव्या. ज्यांनी गुरुवारी टाळ्या वाजवल्या तेच आता पुढं होते.

त्या गलक्यात बय्यूमी मात्र होता तिथंच बसला होता. हिरव्या दोऱ्याची तुंबडी त्यानं बहिणीच्या हातून घेतली.

"ताई," तो हळू म्हणाला, "मग माझी गाठ... अजून आतच आहे?"

नवाराला त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं आणि रडावंसंही. "अरे वेड्या, गाठ नव्हतीच. बाबांकडून तुला गाठ आली नाही, ओढ आली. बीपी चढायची ओढ. ती माझ्यातही आहे. ती असली म्हणजे लकवा ठरलेलाच असतो असं नाही. मीठ कमी कर, गोळी घे, मोजत रहा. चल, आत्ता दवाखान्यात—"

तुंबडी खाली पडून फुटली.

"आत्या!" झिदान ओरडला. "बाबांचं तोंड!"

बय्यूमीच्या ओठाचा उजवा कोपरा उतरला होता. तो काहीतरी बोलत होता, पण शब्दांचा नुसता लगदा बाहेर येत होता. उजवा हात मांडीवरून घसरला आणि लोंबत राहिला. नवारानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

"पिकअप काढा! झिदान, त्याला कुशीवर धर. तोंडात काही घालू नका, पाण्याचा थेंबसुद्धा नाही!"

आणि तेवढ्यात जे घडलं ते ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. इन्शिराहनं जमिनीवर पडलेलं शेखाचं पातं उचललं होतं. "बोटं टोचा! कानाची पाळी कापा! वन्सं, रक्त काढा त्याचं, वाईट रक्त काढा, उतरेल!" आणि भोवतालची माणसं, जी पाच मिनिटांपूर्वी बदकावर हसत होती, तीच, "काढा, काढा, थोडं रक्त काढा" म्हणून पुढं झुकली. एकानं तर बय्यूमीचं बोट धरूनही ठेवलं.

नवारानं भावजयीचं मनगट पिरगाळून पातं काढून घेतलं आणि लांब भिरकावलं. "शी! शी, काय माणसं आहात तुम्ही! आत्ता पाहिलंत ना डोळ्यांनी? आत्ता! तोंडातलं हसू अजून वाळलं नाही तुमच्या! व्हा बाजूला!"

तालुक्याचं मोठं इस्पितळ चाळीस मिनिटांवर होतं. वाटभर इन्शिराह नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता सुरू झालं?" नवारानं मिनिटासकट सांगितलं. डोक्याचा फोटो झाला, आधी बीपी उतरवलं गेलं, मग गुठळी विरघळवायचं औषध देता आलं. वेळ गेली असती तर देता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

शेखाचं काय झालं? पोलिसांनी नेलं, मग सोडलं, मग तो दिसेनासा झाला. तो पूर्वी कुठल्याशा खाजगी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला होता, एवढं कळलं. गावानं रविवारी रात्रभर त्याला शिव्या दिल्या. सोमवारी मात्र घराघरांत फसीख उघडली, कांद्याच्या पातीबरोबर, आणि निम्म्या लोकांची गोळ्यांची पाकिटं अजून परातीतच होती. नवारा सणाच्या दिवशी घरोघर फिरली, ती पाकिटं परत वाटत.

दीड महिन्यानं बय्यूमी अंगणात खाटेवर बसायला लागला. जीभ परत आली, पण मंद, एकेक शब्द ओढून आणल्यासारखी. पाय चालला. उजव्या हाताची चिमूट मात्र जुळत नव्हती. मासे आता झिदान चाखायचा, आणि आत्या बघत असली की थुंकायचाही.

एका दुपारी तळ्यापलीकडचा जुमआ भेटीला आला. होड्या दुरुस्त करणारा सुतार, पन्नाशीचा, घामेजलेला. त्यानं संत्री ठेवली, तब्येत विचारली, इकडचं तिकडचं बोलला. मग इन्शिराह आत गेल्याचं पाहून खाली वाकला.

"बय्यूमीभाऊ, राग मानू नका. तो शेख हल्ली कुठं बसतो? माझी आई लकव्यानं गेली, मामाही. मलाही डोकं जड वाटतं हल्ली. तुमचं काहीतरी बिनसलं असेल, पण लोकांना गुण आला म्हणतात."

ओट्यावर बसलेल्या नवारानं ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठणार, तेवढ्यात बय्यूमीनं डावा हात वर करून तिला थांबवलं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या.

"बापानं... बीपी दिलं," तो म्हणाला. "ते मला... मागून मिळालं नाही. नाही म्हणताही... आलं नसतं." तो थांबला, श्वास घेतला. "गोळ्या... मी फेकल्या. बापानं नाही. शेखानंही... नाही. ह्या... हातानं फेकल्या."

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून सुताराच्या पुढ्यात ठेवला. जुमआ त्या हाताकडं बघत राहिला.

"तुझ्या आईनंही... तुला दिलं असेल. नसेलही. बशीत... कळत नाही." बय्यूमी बहिणीकडं वळला. "ताई. मशीन आण. ह्याचं... मोज."

जुमआनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा त्या हाताकडं, आणि मग हळूहळू बाही दुमडायला लागला.